खानदान बापाचं, पण त्यात बाप किती?

सारंगखेड्याच्या यात्रेचे रील सुरू झाले की इकडे नाशिकमधले निम्मे व्हॉट्सअॅप ग्रुप घोड्यांनी भरतात, आणि प्रत्येक रीलखाली एक तरी जाणकार असतोच, "बाप कोण ते बघा, रक्त बोलतं!" पंचकल्याणी आहे का, देवमण कुठे आहे, हेही विचारून झालेलं असतं. पायांवरचा पांढरा रंग काय नि मानेवरचा भोवरा काय, त्याने मालकाची भरभराट व्हायचा काही संबंध नाही, सोडून द्या. पण बापाचं प्रकरण एवढं सोपं नाहीये, त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच घोळ आहे.

रेसकोर्सवर पळतात त्या थरोब्रेड घोड्यांचं उदाहरण घ्या. 1704 मध्ये थॉमस डार्ली नावाच्या इंग्रजाने सीरियातल्या अलेप्पोहून एक अरबी घोडा यॉर्कशायरला घरी पाठवला. तोच डार्ली अरेबियन. त्याचा खापरपणतू एक्लिप्स, 1764 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून हे नाव, आयुष्यात एकही शर्यत हरला नाही. आज जगातल्या जवळपास 95 टक्के थरोब्रेड नरांची बाप, आजा, पणजा अशी सरळ ओळ डार्ली अरेबियनपाशीच जाते. हे वाचलं की वाटतं, म्हणजे हे सगळे घोडे 95 टक्के डार्लीच की! तर नाही.

घोड्यात 64 क्रोमोसोम, म्हणजे 32 जोड्या. प्रत्येक जोडीतला एक बापाचा, एक आईचा. पण शुक्रपेशी बनताना बापाच्या जोडीतले दोघे आपापसात तुकडे अदलाबदल करतात आणि मग त्यातला एकच पुढे जातो, त्यामुळे शिंगराला आजाचं नेमकं काय येईल हे नशिबावर, सरासरी पाव. पणजाचं आठवा भाग. असं निम्मं-निम्मं करत 25 पिढ्या मागे गेलं की त्या एका ओळीतून येणारा वाटा तीन कोटीत एक एवढा उरतो! कागदावर नाव, अंगात जवळपास काही नाही.

वाय क्रोमोसोम मात्र या अदलाबदलीत जवळजवळ नसतोच. त्याला जोडीला एक्स असतो, दोघांचं फक्त टोकाला जुळतं, बाकी अख्खा वाय बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, आडनावासारखा. कॉपी होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं तेवढंच, आणि त्या चुका मोजूनच शास्त्रज्ञ ओळी जुळवतात. पण या वायवर जीन फार थोडे, ते बहुतेक नर घडवायचे नि शुक्रपेशी बनवायचे. वेगाशी संबंध असलेले बाकीच्या क्रोमोसोमवर पसरलेले. आणि एखाद्या घोड्याला नुसत्या मुलीच झाल्या तर त्याचा वाय तिथेच संपला, मग तो कितीही पळो.

गोडॉल्फिन अरेबियन, म्हणजे डार्लीसारखाच थरोब्रेडचा आणखी एक मूळ पूर्वज घोडा, त्याचं बऱ्यापैकी असंच झालं. त्याची नर ओळ आज अगदी बारीक उरलीय, पण मुलींमधून, नातींमधून तो इतक्या वाटांनी पसरला की वंशावळीचा हिशेब केला तर आजच्या थरोब्रेडमध्ये त्याचा वाटा 13-14 टक्के येतो, डार्लीचा साडेसहाच्या आसपास. डार्लीचाही तीन कोटीत एकच का नाही, तर जवळच्या नात्यात घोडी भरवत गेल्यामुळे तोच पूर्वज वंशावळीत शेकडो जागी येतो. हा हिशेब डोक्यात बसायला मला वेळ लागला, पुन्हा वाचा.

हल्ली 'स्पीड जीन'ची टेस्ट विकतात. मायोस्टॅटिन नावाचा, 18 व्या क्रोमोसोमवरचा जीन, स्नायूंची वाढ आवरणारा. त्याचा 'सी' प्रकार दोन्हीकडून आला तर घोडा साधारण छोट्या पल्ल्याचा, 'टी' दोन्हीकडून आला तर लांब पल्ल्याचा, एकेक आला तर मधला. यावरून जिंकणार की नाही हे कळत नाही, जाहिरातीत काही का लिहीनात. आणि गंमत म्हणजे 2012 च्या एका अभ्यासानुसार हा 'सी' थरोब्रेडमध्ये आला तो बहुधा ब्रिटनच्याच एका गावठी घोडीकडून, कुठल्याही नामांकित अरबी बापाकडून नाही.