जोर कोणी संपवला?

मे महिन्यातली दुपार होती. वीज गेलेली, मोबाइल मान टाकलेला, म्हणून माळ्यावरचा कॅरम खाली आला. पाचवीची परीक्षा देऊन आलेल्या भाच्यानं पहिलाच स्ट्रायकर सणसणीत मारला. वर्षभर धूळ खात पडलेल्या बोर्डावर तो सोंगट्यांपर्यंतसुद्धा पोचला नाही, मध्येच घसटत थांबला.

"जोर संपला त्याचा," भाचा म्हणाला.

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. भोवरा डुगडुगायला लागला की जोर संपला, सायकल पायडल न मारता चालवली की थोड्या वेळानं जोर संपला. जोर म्हणजे जणू टाकीतलं पेट्रोल. हातानं तो वस्तूत भरायचा, वस्तू तो वापरत पुढे जाणार आणि टाकी रिकामी झाली की थांबणार. पोरांच्या डोक्यात बल आणि गती यांचं हेच चित्र असतं. शाळेत शिकवणारे बहुतेक जण या चित्राला हातच लावत नाहीत. व्याख्या फळ्यावर लिहितात, मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात, आणि टाकी जिथल्या तिथे राहते.

भाच्याला "चूक" म्हणायला माझी जीभ रेटली नाही, कारण त्याच्या बाजूनं फार मोठी माणसं होती. कुणीतरी ढकलत राहिल्याशिवाय वस्तू चालत राहत नाही, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला होता. मग धनुष्यातून सुटलेल्या बाणाला कोण ढकलतं? हवा ढकलते, असं त्याचं उत्तर. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसला हे पटलं नाही. तो म्हणाला, हवा कशाला ढकलेल? धनुष्यच बाणात काहीतरी भरतं आणि ते हळूहळू सरतं. म्हणजे अगदी भाच्याचा जोर. पुढे चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाननं त्याला 'इंपेटस' हे नाव दिलं आणि एक बारीक पण फार मोलाची दुरुस्ती केली. त्याच्या मते हा जोर आपोआप सरत नाही, त्याला काहीतरी आडवं येतं म्हणून तो सरतो.

मीही तेवढीच दुरुस्ती केली. "संपला खरा. पण कोणी संपवला?"

भाच्यानं बोर्डाकडे पाहिलं, बोट फिरवलं आणि बोटाला आलेली धूळ मला दाखवली. बोर्ड ओल्या फडक्यानं पुसून कोरडा केला, वर बोरिक पावडर भुरभुरली. (पावडर तोंडात जाऊ द्यायची नाही आणि खेळून झाल्यावर हात धुवायचे, हे पोरांना दोनदा सांगावं लागतं.) या पावडरीच्या स्फटिकांत पातळ थरांवर थर असतात आणि ते एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ती कॅरमला चालते. मग त्याला सांगितलं, आता मघाचपेक्षा हळू मार. त्यानं टिचकी दिली. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत आला, पुन्हा गेला आणि तिसऱ्या फेरीत कुठेतरी थांबला. जोर कमी भरला होता, तरी तो पुरला जास्त. टाकीच्या हिशेबात हे बसत नाही, आणि ते बसत नाही हे त्याचं त्यालाच दिसलं.

त्यानंतर आम्ही जमिनीवर उतरलो. वायरिंगच्या केसिंगची एक जुनी पट्टी घरात पडून होती. तिचं एक टोक तीन पुस्तकांवर टेकवलं आणि वरून गोटी सोडली. हातानं ढकलायचं नाही, नुसती सोडायची, म्हणजे उताराच्या तळाशी पोचताना तिचा वेग दर वेळी सारखाच असतो. समोर आधी टॉवेल पसरला. गोटी दीड वीत गेली. मग सतरंजी घातली, तिच्यावर चार विती. मग नुसती फरशी, आणि गोटी सोफ्याखाली पसार. प्रत्येक वेळी गोटी सोडायच्या आधी "कुठपर्यंत जाईल?" असं विचारून तिथे खडूनं खूण करायला लावली. माझ्या मते या सगळ्यात खूण करणं हेच महत्त्वाचं. आधी अंदाज बांधलेला नसेल तर मूल नुसती मजा बघतं. अंदाज चुकला तरच त्याच्या मनात काही हलतं.

मग शेवटचा प्रश्न. फरशीहून गुळगुळीत काही मिळालं तर? "रस्त्यापर्यंत." त्याहून गुळगुळीत? "पुण्यापर्यंत." आणि अजिबात खरखर नसेल तर? तो जरा थांबला. "मग कशाला थांबेल?"

साधारण याच वाटेनं गॅलिलिओ गेला होता. समोरासमोर दोन उतार, एकावरून गोल गोळी सोडली की ती दुसऱ्यावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरा उतार जितका सपाट कराल, तितकं जास्त अंतर तिला ती उंची गाठायला कापावं लागतं. तो पार आडवाच केला तर? उंची कधी गाठलीच जाणार नाही, म्हणजे गोळी चालतच राहायला हवी. उतारावरच्या गतीचा त्याचा अभ्यास 1638 साली छापून आला आणि 1687 साली न्यूटननं हीच गोष्ट गतीचा पहिला नियम म्हणून मांडली. चालत्या वस्तूला चालत राहायला बल लागत नाही. बल लागतं ते वेग बदलायला, मग तो वाढवायचा असो, कमी करायचा असो की नुसती दिशा वळवायची असो. पृथ्वीवर घर्षण सगळीकडे पसरलेलं आहे, म्हणून ही साधी गोष्ट माणसाच्या लक्षात यायला दोन हजार वर्षं लागली. पोराला एक दुपार लागली तर तक्रार नको.

मराठीत शिकवताना शब्दही आडवे येतात. पुस्तकातलं 'बल' आणि घरातलं बळ, ताकद, जोर यांची सरमिसळ होते. बलवान माणसाकडे बळ असतं, तसं चेंडूतही बल असणार, असं मुलांना वाटलं तर त्यात नवल काय? मी हल्ली टाळीचं उदाहरण देतो. एका हातानं टाळी वाजत नाही. टाळी उजव्या हातात नसते, डाव्यातही नसते, दोन्ही भेटतात तेव्हा ती होते. बलही तसंच, दोन वस्तूंच्या मध्ये घडणारं. स्ट्रायकर सोंगटीला ढकलतो, त्याच क्षणी सोंगटी स्ट्रायकरला तेवढ्याच बलानं उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम मराठी म्हणीत आधीपासून बसलेला आहे, आपण तो फक्त भांडणं सोडवायला वापरतो.

कॅरमवर हे छान दिसतं. एक सोंगटी मधोमध ठेवा आणि दुसऱ्या सोंगटीला टिचकी मारून ती अगदी सरळ तिच्यावर आदळू द्या. आलेली सोंगटी जागच्या जागी थबकते आणि थांबलेली निघून जाते, जणू दोघींनी जागा बदलल्या. आता तेच स्ट्रायकरनं करा. स्ट्रायकर थबकत नाही, सोंगटीच्या मागे तोही जातो. का? सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत. धक्का दोघांना सारखाच बसला तरी जड स्ट्रायकरचा वेग त्यानं थोडाच कमी होतो. टक्कर अगदी लवचीक धरली, म्हणजे टकरीत ऊर्जा वाया जात नाही असं मानलं, तर सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या जवळजवळ दीडपट वेगानं सुटते आणि स्ट्रायकरकडे निम्म्याच्या आसपास वेग उरतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये हे शूट केलं की पोरं आपण होऊन फुटपट्टी आणतात.

सोंगट्यांची चळत लावून खालची सोंगटी स्ट्रायकरनं उडवायचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. वरच्या तशाच खाली बसतात. का, असं विचारलं की पोरं एका सुरात म्हणतात, "जडत्वामुळे!" हे उत्तर मला आवडत नाही. वस्तू आहे तशीच राहू पाहते, त्याचं हे नुसतं नाव झालं. पुढचा प्रश्न विचारायचा, तीच खालची सोंगटी बोटानं हळू ओढली तर चळत सोबत का येते? जडत्व तेव्हा कुठे जातं? जात कुठेच नाही. हळू ओढताना खालच्या सोंगटीचं घर्षण वरच्यांना बराच वेळ ओढत राहतं, म्हणून त्या सोबत चालायला लागतात. झटक्यात मारली तर घर्षण असतं तेवढंच, पण त्याला वेळच मिळत नाही. बल किती आणि ते किती वेळ लागलं, दोन्हींचा हिशेब धरावा लागतो.

घर्षण म्हणजे खलनायक असंही पोरांना वाटू देऊ नये. साबणाच्या पाण्यानं धुतलेल्या शहाबादी फरशीवर एकदा घसरून पडलं की चालण्यातलं घर्षण कळतं. पाय फरशीला मागे रेटतो, फरशी आपल्याला पुढे रेटते. साबणानं हा व्यवहारच मोडतो.

आता एसटीकडे. उभ्यानं प्रवास चाललाय, ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतो आणि अख्खी बस पुढच्याच्या पाठीवर. "कोणी ढकललं?" मुलांना हा प्रश्न विचारून बघा. पुढे कोणीच ढकललेलं नसतं. बसच्या फरशीनं पाय तेवढे थांबवले, धड मात्र मघाच्याच वेगानं निघालंय. घाटातल्या वळणावरही तेच. आपण बाहेर फेकले जात नाही. आपण सरळ चाललेलो असतो, बसच आपल्या खालून वळते.

यावर भाच्याला एक काम दिलं. पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भर, बूच लाव, बूच बसच्या दिशेला करून मांडीवर आडवी ठेव आणि आतला हवेचा बुडबुडा बघत राहा. ब्रेक लागला की तो कुठे जाईल? पैज लागली. त्याचं उत्तर "पुढे", आपल्यासारखाच. ब्रेक लागला आणि बुडबुडा मागे पळाला! पुढे गेलं ते पाणी. ते जड, त्यानं पुढची जागा घेतली आणि बुडबुड्याला मागे सारलं. बस स्टॉपवरून सुटली की उलटं, बुडबुडा पुढे. पुढचे दहा किलोमीटर त्यानं खिडकीबाहेर पाहिलं नाही.

उभा वर फेकलेला चेंडू मात्र अवघड प्रकरण. हात सुटल्यावर, वर जात असताना चेंडूवर कोणती बलं आहेत? जवळपास सगळे म्हणतात, हाताचा जोर वर आणि गुरुत्व खाली. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता, तो अभ्यास 1982 साली छापून आला. त्यातही बहुतेकांनी वर दाखवणारा बाण काढला होता. खरं तर हात सुटला की हाताचं काम संपलं. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर पुढे एकटं गुरुत्व, वर जाताना, खाली येताना आणि अगदी टोकावर वेग शून्य असतानाही. भाच्याला हे अजून पटलेलं नाही. मी घाई करत नाही.

त्याला पटलं ते चांद्रयान. चांद्रयान-3 नं 1 ऑगस्ट 2023 ला पृथ्वीभोवतीची कक्षा सोडली आणि 5 ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. मधला जवळजवळ सगळा वेळ इंजिन बंद होतं. हवा नाही, खरखर नाही. पृथ्वी मागे ओढते आणि चंद्र पुढे, तेवढाच वेगात फरक.

"मग उतरताना थांबलं कसं? तिथे तर धूळही आडवी येत नाही."

मी सांगितलं, 23 ऑगस्टला लँडर सेकंदाला सुमारे 1.7 किलोमीटर वेगानं चंद्राभोवती फिरत होता. पुढच्या बाजूला इंजिनं पेटवून साधारण वीस मिनिटांत तो वेग जवळजवळ शून्यावर आणला.

त्यानं स्ट्रायकर पुन्हा रेषेवर ठेवला, नेम धरला आणि मग मान वर केली. "म्हणजे तिथे पेट्रोल थांबायला लागलं?"