घरचा संगणक सुरू न होणे

बटण दाबूनही घरगुती डेस्कटॉप संगणक विंडोज किंवा लिनक्सपर्यंत न पोचणे, आणि तो वाटेत कुठे अडला हे शोधून त्याला पुन्हा उभे करणे, हा या नोंदीचा विषय. इंदूरच्या मराठी घरांत या दुखण्याला बरीच नावे आहेत: ‘कॉम्प्युटर चालूच होत नाहीये’, ‘डिस्प्ले येत नाही’, ‘विंडोज उडाली’, ‘बोर्ड गेला’. बोलताना ती एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण प्रत्येकाचा आजार वेगळा आणि खर्चही वेगळा. रामबाग, लोकमान्यनगर किंवा राजेंद्रनगरातल्या घरातून संगणक उचलून आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये नेला, की तिथले बोलणे हिंदीत होते. ‘चालू नहीं हो रहा’ एवढेच सांगितले तर उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘छोड़ जाइए, फॉर्मेट करना पड़ेगा.’ फॉरमॅटची, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवण्याची, गरज खरोखर असते त्याहून कितीतरी जास्त वेळा तो मारला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. त्यात घराचे काय जाते ते पुढे येईल.

बूट म्हणजे काय

स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला उचलायचे, या इंग्रजी कल्पनेवरून ‘बूट’ हा शब्द आला. संगणक अक्षरशः तेच करतो. प्लग लावलेला असला, की बंद संगणकातही एसएमपीएस (घरची वीज संगणकाजोगी करून देणारा पत्र्याचा डबा) ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाला, देत राहतो. बटण दाबले की बोर्ड एसएमपीएसच्या हिरव्या तारेतून ‘जागा हो’ असा इशारा देतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात, ते स्थिर झाले की एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा संकेत परत पाठवतो आणि तेव्हा कुठे प्रोसेसर डोळे उघडतो. तो बोर्डावरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम वाचतो. जुन्या यंत्रांत हा बायोस, नव्यांत यूईएफआय. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हापासून बायोस घरोघर पोचला, तर यूईएफआयचे प्रमाणीकरण करणारा मंच २००५ साली स्थापन झाला. हा प्रोग्रॅम रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), ग्राफिक्स, कीबोर्ड तपासतो, डिस्क शोधतो आणि तिच्यावरच्या लोडरच्या, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, हाती कारभार सोपवतो. जुन्या पद्धतीत हा लोडर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरू होत असे.

या साखळीत संगणक कुठल्या कडीपाशी थांबला, एवढेच निदानात शोधायचे असते. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला आणि संगणक इंदूरच्या घरी, अशी स्थिती आता सर्रास आहे. अशा वेळी व्हिडिओ कॉलवरचा पहिला प्रश्न ‘बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय?’ हा नसावा. ‘दिवा लागतो का? पंखा फिरतो का? कुठला आवाज येतो?’ हे आधी विचारावे. काळ्या पडद्यावरून काहीच कळत नाही, आवाजावरून पुष्कळ कळते.

दिवाही नाही, पंखाही नाही

अशा वेळी आधी भिंतीपासून सुरुवात करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. मग यूपीएस. घरोघरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. त्यानंतर यूपीएस नुसता बीप करतो, आणि लाइट क्षणभर जरी गेली तरी संगणक पडतो. यूपीएस काढून संगणक थेट भिंतीला लावला की निम्म्या शंका मिटतात. एसएमपीएसच्या मागचे छोटे काळे बटण फरशी पुसताना किंवा डबा सरकवताना दाबले जाते, तेही पाहावे.

१९९५ साली आलेल्या एटीएक्स या बोर्ड-एसएमपीएसच्या प्रमाणित रचनेनंतर डब्यावरचे बटण (घरात या सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात) वीज स्वतः जोडत-तोडत नाही, ते बोर्डाला फक्त विनंती करते. म्हणून बटणच खराब असल्याची शंका असेल, तर त्याची वायर बोर्डावरून काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले की संगणक सुरू होतो. एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासायचा तर त्याचा मोठा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडतात. पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे, पण लोड पेलेल याची ही खात्री नव्हे. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात.

डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या घरांत नेहमीची. तिचा अर्थ अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखे आहे. एसएमपीएसमधल्या गोंगाट-रोधक कॅपॅसिटरमधून झिरपणारी वीज जमिनीत जायला हवी, ती वाट न मिळाल्याने पत्र्यावर थांबते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तशी अर्थिंगच्या खड्ड्याचीही पकड सुटते. एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी घालणे हे काम संगणकासाठी जेवढे, तेवढेच गीझर आणि फ्रिजसाठी. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायची सवय घातक आहे.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

सर्वांत जास्त यंत्रे इथे अडतात, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. आधी कीबोर्डवरचे नम लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे आणि दोष मॉनिटरचा, त्याच्या केबलचा किंवा जोडणीचा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात केबल चुकून मदरबोर्डच्या सॉकेटला लागलेली असणे, हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण नेहमी सापडते.

नम लॉक मुके असेल तर बोर्ड काय सांगतो ते ऐकावे. स्पीकर असेल तर बीप येतात. त्यांची भाषा बायोस बनवणाऱ्यागणिक बदलते: अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे ग्राफिक्स, एएमआयमध्ये एक ते तीन छोटे बीप बहुधा रॅमकडे बोट दाखवतात. बऱ्याच नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे गाडी अडली.

रॅमचा दोष म्हणजे बहुतेक वेळा संपर्काचा दोष. दिवाळीची आवराआवर झाली, ब्लोअरने डबा साफ केला, जागा बदलली, आणि दुसऱ्या दिवशी डिस्प्ले गेला, ही गोष्ट इंदुरात दर आश्विनात ऐकू येते. उपाय असा. प्लग काढावा, मग पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेली वीज उतरते. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात टेकवावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या सुमारे १३ सेंटिमीटर लांब पट्टीच्या टोकाचे क्लिप बाहेर ढकलून पट्टी सरळ वर उचलावी. खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ दिसेल. उजेडात तिरपी धरली की त्यावर मळकट, निळसर-तपकिरी छटा कळते. पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलके पुसावे, शाईच्या खरखरीत रबराने कधीच नाही, कारण सोन्याचा तो थर फार पातळ असतो. रबराचा भुगा मऊ ब्रशने झटकावा. स्लॉटमधली धूळही. पट्टीवरची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबावे. ‘टक’ असा आवाज येऊन क्लिप आपोआप मिटले पाहिजेत. डीडीआर४ची कड मधे जराशी फुगीर असल्याने एक टोक बसले आणि दुसरे वर राहिले, असे होते आणि डोळ्याला ते दिसत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून पाहावी. ‘बोर्ड गेला’ असे निदान झालेले संगणक या दहा मिनिटांच्या कामाने उठलेले प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहेत.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडली तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब करतात.

हिवाळ्यात सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि दुपारी गुमान चालणारा संगणक म्हणजे थकलेल्या कॅपॅसिटरची खूण. थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि सुरुवातीचा झटका त्यांना पेलवत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत तर निकृष्ट इलेक्ट्रोलाइट भरलेल्या कॅपॅसिटरमुळे जगभर बोर्ड गेले. बोर्डावरच्या या उभ्या, डबीसारख्या कॅपॅसिटरची सपाट डोकी फुगलेली दिसली तर तो दोष ओळखायला मीटर लागत नाही.

नाण्याएवढी बॅटरी

बोर्डावरची सीआर२०३२ ही बॅटरी २० मिलिमीटर व्यासाची, ३ व्होल्टची. काही वर्षांनी ती उतरते, मग घड्याळ जुन्या तारखेला जाते आणि पडद्यावर एफ१ दाबायला सांगितले जाते. तारीख चुकीची असल्यामुळे बँकेची साइट उघडत नाही, पण ते बाजूला. बॅटरी उतरली की बायोसमधली सगळी मांडणी कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जाते. त्यात डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची, ही निवडही असते. विंडोज बसवताना ती एएचसीआय होती आणि आता आयडीई झाली, तर धडधाकट विंडोज निळा पडदा दाखवून कोसळते. इथे फॉरमॅट मारणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडणे. ती एक निवड पूर्ववत केली की यंत्र उठते. म्हणून संगणक चांगला चालू असताना बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंद असेल, तर अशा बदलानंतर ४८ अंकी चावी मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कागदावर आधीच हवी.

डिस्क सापडत नाही

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश आला तर प्रथम पेनड्राइव्ह काढावा. मग डिस्कच्या साटा केबली, डेटाची अरुंद आणि विजेची रुंद, दोन्ही काढून परत लावाव्यात. बायोसमध्ये डिस्कचे नावच दिसत नसेल तर दोष केबलचा किंवा डिस्कचा. दिसत असेल तर लोडरचा किंवा बूटच्या क्रमाचा. जुन्या फिरत्या डिस्कमधून ठराविक लयीत ‘टिक-टिक’ येऊ लागली, तर त्या क्षणी संगणक बंद करावा. प्रत्येक नवा प्रयत्न उरलेला डेटा कमी करतो.

विंडोजपर्यंत येऊन थांबतो

इथे यंत्र चांगले असते, बिघाड प्रोग्रॅममध्ये असतो. अपडेट चालू असताना लाइट गेली, हे नेहमीचे कारण. लागोपाठ दोन-तीन वेळा बूट फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या निळ्या पानावर येते. तिथून सेफ मोड (अगदी गरजेपुरतीच विंडोज सुरू करणे), शेवटचा अपडेट काढणे, मागच्या तारखेला परतणे हे सगळे करता येते, आणि यातल्या कशानेही कागदपत्रे पुसली जात नाहीत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. ती उठवण्याचा मुख्य मार्ग होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे. विमानतळांवरची यंत्रे तशी उठली, फॉरमॅट मारून नव्हे.

फॉरमॅटने सी ड्राइव्हवरचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स जातात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. फॉन्ट जातात, हे लक्षात येत नाही. मराठी घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेले पुष्कळ लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टात वाचता येणाऱ्या आजच्या लिपी-प्रमाणात, नाही. आजोबांच्या आठवणी, कुळवृत्तांताची यादी, मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशोब, काकूंनी उतरवून घेतलेली आरती, हे सगळे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टांत आहे. फाइल वाचली तरी फॉन्ट गेल्यावर त्या पानावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उरते, आणि घरातल्यांना वाटते फाइलच बिघडली. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधले ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही कॉपी करून घ्यावे.

विंडोज उठत नसतानाही हे साधते. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून बूट केले, की काहीही न बसवता डिस्कवरच्या फाइली दिसतात आणि बाहेर काढता येतात. नाहीतर डिस्क सोडवून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या यंत्राला लावावी.

दुकानात नेताना

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, त्यामुळे जुने यंत्र दिसले की ‘नया ले लीजिए’ हा सल्ला आता लवकर येतो. एसएमपीएस, रॅम किंवा डिस्क बदलून काम भागत असेल तर तो मानायची घाई नको. जुन्या पिढीचा मदरबोर्डच गेला असेल तर मात्र सल्ला रास्त आहे. दुकानदाराला कुठल्या पायरीवर अडते ते सांगावे: ‘पंखा चलता है, नम लॉक नहीं जलता, रॅम निकालके साफ की है.’ बिघाड डिस्कचा नसेल तर डिस्क घरी काढून ठेवावी आणि डबा तिच्याविनाच न्यावा. डिस्प्ले येतो की नाही, हे पाहायला ती लागत नाही.