सस्कॅचवानच्या बर्फावरून: कॅनडातल्या महिला कर्लिंगची पार्श्वभूमी

1961 साली ओटावात कॅनडातल्या सगळ्या प्रांतांच्या महिला संघांची पहिली राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा झाली आणि ती सस्कॅचवानने जिंकली. कर्णधार होती जॉइस मॅकी. तिच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळणारी सिल्व्हिया फेडोरुक एरवी सस्कटूनमध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी किरणांची मात्रा मोजण्याचं काम करायची. 1951 मध्ये सस्कॅचवान विद्यापीठात हॅरल्ड जॉन्स यांच्या गटाने कोबाल्ट-60 वर चालणारं यंत्र उभं केलं. जगातल्या अशा पहिल्या दोन यंत्रांपैकी ते एक. त्याचे किरण शरीरात किती खोलवर किती प्रमाणात पोचतात, याची मोजणी करणाऱ्यांमध्ये तेव्हा विद्यार्थिनी असलेली फेडोरुक होती. पुढे ती विद्यापीठाची कुलपती झाली आणि 1988 मध्ये सस्कॅचवानची पहिली महिला लेफ्टनंट गव्हर्नर.

कॅनडातल्या महिला कर्लिंगचा इतिहास मला नेहमी फेडोरुकपासून सुरू करावासा वाटतो. हा खेळ उभा केला तो नोकरी, घर, मुलं आणि शेती सांभाळून संध्याकाळी बर्फावर येणाऱ्या बायकांनी. त्यांची नावं मात्र पदकांच्या यादीखाली दबून जातात.

कर्लिंग कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं खेळाविषयी. सुमारे 45 मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद अशी बर्फाची पट्टी असते, तिला शीट म्हणतात. पलीकडच्या टोकाला एकात एक वर्तुळं रंगवलेली असतात, ते हाउस. त्यातलं सर्वांत मोठं वर्तुळ 12 फूट व्यासाचं. संघ चार जणींचा, प्रत्येकीने दोन दगड सोडायचे. दोन्ही संघांचे मिळून 16 दगड संपले की एक एंड संपतो, आणि मोठ्या सामन्यात असे 10 एंड असतात. ज्या संघाचा दगड केंद्राच्या सर्वांत जवळ, त्यालाच त्या एंडचे गुण. दगड ग्रॅनाइटचा, साधारण 17 ते 20 किलोंचा. पुरुषांना वापरतात त्याच वजनाचा दगड बायकाही वापरतात. बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून तो दाणेदार केलेला असतो. सोडताना दगडाला हलकी फिरकी दिली की तो जाता जाता वळतो. पुढे धावणाऱ्या दोघी ब्रशने बर्फ घासतात तेव्हा घर्षणाने बर्फ किंचित तापतो, आणि दगड जास्त लांब आणि जास्त सरळ जातो. ज्यांनी आयुष्यातल्या सुट्ट्या कॅरमवर घालवल्या आहेत, त्यांना आडोशाच्या सोंगटीपर्यंत दुसऱ्या सोंगटीचा आधार घेऊन पोचणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुढच्या गोष्टीत एक असाच फटका येणार आहे.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तो स्कॉटिश सैनिक आणि व्यापाऱ्यांबरोबर कॅनडात आला, आणि 1807 मध्ये माँट्रियलमध्ये क्लब स्थापन झाला. क्लब पुरुषांचे होते. माँट्रियलमध्येच 1894 मध्ये बायकांचा स्वतंत्र क्लब निघाला, तो कॅनडातला पहिला मानला जातो. त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक ठिकाणी बायकांच्या वाट्याला दुपार यायची, पुरुष कामावर असताना. ज्या दिवसभर कचेरीत किंवा दुकानात असायच्या त्यांना दुपार जमायची नाही, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळच्या वेगळ्या लीग निघाल्या. क्लबात बर्फ कुणाला किती वाजता मिळतो हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सरावाचं सगळं गणित त्यावरच बसलेलं असतं.

पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतांत हा खेळ वेगळ्या तऱ्हेने रुजला. मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा म्हणजे गव्हाचा प्रदेश. हिवाळ्यात पारा उणे 30 च्या खाली जातो, शेतात काम नसतं आणि छोट्याशा गावातही दोन-तीन शीटची शेड असते. त्या शेडमध्ये शिक्षिका, नर्स, शेतकऱ्याची मुलगी, पोस्टातली कारकून, सगळ्या एकत्र खेळायच्या. पहिली राष्ट्रीय विजेती सस्कॅचवानमधून आली यात म्हणूनच मला नवल वाटत नाही.

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, 1927 मध्ये सुरू झाली होती. बायकांना त्यासाठी 34 वर्षं थांबावं लागलं. 1953 पासून पश्चिमेच्या चार प्रांतांची महिला स्पर्धा इटन्स या दुकानांच्या साखळीच्या पैशावर होऊ लागली. 1960 मध्ये पूर्वेची विजेती आणि पश्चिमेची विजेती यांचा सामना झाला, तोही मॅकीच्या संघाने जिंकला. मग बायकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1961 ची ओटावाची स्पर्धा झाली. पुरस्कर्ती होती डॉमिनियन ही किराणा दुकानांची कंपनी. ती 1967 नंतर बाजूला झाली आणि काही वर्षं पुरस्कर्ताच नव्हता. 1972 पासून मॅकडोनल्ड ही तंबाखूची कंपनी आली, तिनेही 1979 नंतर हात काढून घेतला. पुरस्कर्ता गेला तरी स्पर्धा एकही वर्ष थांबली नाही, याचं श्रेय ती चालवणाऱ्या बायकांच्या संघटनेला द्यायला हवं. फेडोरुकनेही त्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं.

या काळात मैदान गाजवलं ते व्हेरा पेझरने. 1971, 1972 आणि 1973 अशी लागोपाठ तीन वर्षं तिच्या नेतृत्वाखाली सस्कॅचवान जिंकलं, आणि तिच्या संघात जॉइस मॅकी होतीच. पेझर पुढे क्रीडा मानसशास्त्रात गेली आणि तीही सस्कॅचवान विद्यापीठाची कुलपती झाली. एकाच प्रांताच्या कर्लिंग संघांतून एका विद्यापीठाला दोन कुलपती मिळाल्या!

महिलांची जागतिक स्पर्धा 1979 मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थ इथे सुरू झाली, पुरुषांच्या स्पर्धेनंतर 20 वर्षांनी. पहिला किताब स्वित्झर्लंडने नेला. पुढच्या वर्षी तिथेच कॅनडाला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं रिजायनाच्या मार्ज मिचेलने. रिजायना म्हणजे पुन्हा सस्कॅचवान. तीन वर्षांनी, 1983 मध्ये, मिचेलचं कर्करोगाने निधन झालं. ती पस्तिशीची होती. राष्ट्रीय महिला स्पर्धेतला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार आज तिच्या नावाने दिला जातो.

1982 मध्ये स्कॉट पेपर ही कागदी रुमाल बनवणारी कंपनी पुरस्कर्ती झाली आणि स्पर्धेला 'टुर्नामेंट ऑफ हार्ट्स' हे नाव मिळालं. ही जुळवाजुळव करण्यात रॉबिन विल्सनचा मोठा वाटा होता. ती स्वतः 1976 आणि 1979 च्या विजेत्या संघांत खेळलेली होती आणि पुढे वर्षानुवर्षं तिने स्पर्धेचं संयोजन सांभाळलं. इथे खेळायला येणाऱ्या प्रत्येकीला चार बदामांच्या नक्षीचा सोन्याचा दागिना गळ्यात घालायला मिळतो आणि पुन्हा आलेल्यांच्या दागिन्यात हिरा वाढतो. हरून घरी परतणाऱ्या संघालाही हा मान असतो. स्पर्धेचं नाव 2007 पासून 'स्कॉटीज' झालं, पण कागदी रुमालांशी जडलेलं नातं टिकून आहे.

एका बाबतीत बायकांची स्पर्धा पुरुषांच्या पुढे होती. गतविजेत्यांना पुढच्या वर्षी पात्रता फेरीशिवाय 'टीम कॅनडा' म्हणून थेट प्रवेश देण्याची पद्धत इथे 1985 मध्ये आली. ब्रायरने ती तब्बल 30 वर्षांनी स्वीकारली.

1982 ची विजेती होती नोव्हा स्कोशियाची कॉलीन जोन्स, वय 22. त्यानंतर 1999 पर्यंत तिला दुसरं विजेतेपद मिळालं नाही. मग मात्र 2001 ते 2004 अशी सलग चार वर्षं तिने ते कुणाला दिलंच नाही. एकूण सहा राष्ट्रीय किताब आणि दोन जागतिक. या सगळ्या काळात तिची नोकरी होती सीबीसी वाहिनीवर हवामान आणि खेळाच्या बातम्या देण्याची. दरम्यान 1984 ते 1987 ही चार वर्षं जागतिक विजेतेपद लागोपाठ कॅनडाकडे होतं, आणि चारही वर्षी कर्णधार वेगळी: कॉनी लालिबर्टे, लिंडा मूर, मॅरिलिन डार्ट, पॅट सँडर्स. आपल्याच देशात जिंकणं जगात जिंकण्याइतकं अवघड होऊन बसलं होतं. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये कर्लिंग प्रात्यक्षिक खेळ होता, तिथे लिंडा मूरचा संघ पहिला आला.

आता सँड्रा श्मर्लर. तिच्यापाशी थोडं थांबायलाच हवं.

तिचं गाव बिगर, सस्कॅचवान. गावाच्या वेशीवर पाटी आहे: 'न्यूयॉर्क इज बिग, बट धिस इज बिगर'. ती रिजायनात खेळायची आणि तिथल्याच एका क्रीडा केंद्राची व्यवस्थापक होती. जॅन बेटकर, जोन मॅकस्कर आणि मार्सिया गुडेराइट या तिच्या सोबतिणी. 1993, 1994 आणि 1997 असे तीनदा या चौघींनी जग जिंकलं. पहिल्या दोन वेळी तिचं आडनाव पीटरसन होतं.

1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कर्लिंगला पहिल्यांदा महिलांसाठी अधिकृत पदकं होती. कॅनडाकडून कोण जाणार हे ठरवणारी स्पर्धा नोव्हेंबर 1997 मध्ये ब्रँडनला झाली. श्मर्लरची पहिली मुलगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. अंतिम सामना शॅनन क्लाइब्रिंकशी. सातव्या एंडला प्रतिस्पर्ध्यांचा दगड हाउसमध्ये आडोशामागे बसला होता आणि त्याच्यापर्यंत सरळ वाट नव्हती. श्मर्लरने आपला दगड बाजूच्या दुसऱ्या दगडावर आपटवला, तिथून तो आत वळला आणि आडोशामागचा दगड त्याने उडवला. तीन गुण. तो क्षण कॅनडात आजही दाखवला जातो. कॅरमवाल्यांना तो पाहताना आपल्या ओळखीचं काहीतरी भेटेल.

ऑलिंपिकमधलं कर्लिंग कारुइझावा या गावात झालं. अंतिम सामन्यात डेन्मार्कला 7-5 असं हरवून श्मर्लरचा संघ पहिला ऑलिंपिक विजेता ठरला. जून 1999 मध्ये तिला दुसरी मुलगी झाली आणि त्याच वर्षी कर्करोगाचं निदान झालं. 2 मार्च 2000 रोजी ती गेली, 36 वर्षांची असताना. तिचा अंत्यविधी देशभर टीव्हीवर दाखवला गेला. सस्कटूनला त्याच वेळी पुरुषांची ब्रायर सुरू होती. तिथली सामन्यांची वेळ पुढे ढकलली गेली आणि प्रेक्षकांनी तो कार्यक्रम स्टेडियमच्या पडद्यावर पाहिला. तिच्या नावाची संस्था अकाली किंवा आजारी जन्मलेल्या बाळांच्या अतिदक्षता विभागांसाठी यंत्रसामग्री घेऊन देते. हे काम तिच्या नावाला साजेसं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण तिची कारकीर्द आणि तिचं आईपण सुरुवातीपासून हातात हात घालून चाललं होतं.

आईपणाचा हा धागा पुढेही सुटत नाही. 2010 च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये कॅनडाची राखीव खेळाडू क्रिस्टी मूर साडेपाच महिन्यांची गरोदर होती. कर्णधार शेरिल बर्नार्डच्या त्या संघाला अंतिम सामन्यात स्वीडनने जादा एंडमध्ये 7-6 असं हरवलं. विनिपेगची वकील जेनिफर जोन्स नोव्हेंबर 2012 मध्ये आई झाली. त्याच वर्षी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. फेब्रुवारी 2014 मध्ये सोचीला तिच्या संघाने 11 पैकी 11 सामने जिंकून सुवर्ण मिळवलं. ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरलेला तो पहिला महिला संघ. 2021 च्या राष्ट्रीय स्पर्धेत रेचल होमन आठ महिन्यांची गरोदर असताना अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तिथे ती केरी आयनरसनकडून हरली. मॅनिटोबातल्या गिमली भागातल्या, मेटी या मूळनिवासी समाजाच्या आयनरसनने 2020 ते 2023 सलग चार वर्षं हा किताब राखला. एरवी आपापल्या संघांच्या कर्णधार असलेल्या खेळाडूंना एकत्र आणून तिने आपला संघ बांधला होता. आपला शब्द मागे घेऊन दुसरीच्या इशाऱ्यावर दगड सोडणं कर्णधारांना किती जड जात असेल!

सोचीनंतर ऑलिंपिकमध्ये मात्र उतार लागला. 2018 मध्ये होमनचा संघ आणि 2022 मध्ये जेनिफर जोन्सचा संघ बाद फेरीपर्यंतही पोचले नाहीत. स्वीडन, स्वित्झर्लंड, दक्षिण कोरिया, जपान इथल्या खेळाडू आता पूर्णवेळ कर्लिंग करतात. नोकरी सांभाळून खेळणारा कॅनडाचा जुना नमुना त्यांच्यापुढे कमी पडू लागला. जागतिक स्पर्धेत तर 2019 ते 2023 एकही किताब कॅनडाला मिळाला नाही. स्वित्झर्लंडने ओळीने चार जिंकले.

ती रांग होमनने तोडली. 2024 मध्ये कॅलगरीला राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिने जेनिफर जोन्सला 5-4 असं हरवलं. जोन्सची महिला संघातली ती शेवटची राष्ट्रीय स्पर्धा होती. पुढच्याच महिन्यात नोव्हा स्कोशियातल्या सिडनी इथे होमनने स्वित्झर्लंडला हरवून जागतिक किताब घेतला, आणि 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या उइजोंग्बूमध्ये पुन्हा घेतला. 2017 चा धरून तिचे तीन जागतिक किताब झाले, श्मर्लरइतकेच. लागोपाठ दोन वर्षं जग जिंकणारी कॅनडाची तिच्याआधीची महिला कर्णधार 1993 आणि 1994 ची रिजायनाची सँड्रा पीटरसन होती.