घास भरवण्याआधी भाजी हातात द्या

कालपर्यंत मिटक्या मारत खाल्लेला दुधी आज ताटात दिसला तरी पोरगं तोंड फिरवतं, ही दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या जवळपास प्रत्येक घरातली तक्रार आहे आणि आईबाबांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं बाळ नऊच्या आसपास जातं, पण पुढच्या अख्ख्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक कमी होणारच ना! आपण मात्र वाटी तेवढीच भरत राहतो.

त्यातच साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाची भीती जोरात असते, तिला फूड निओफोबिया म्हणतात. मूल चालायला लागलं की दिसेल ते तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी वस्तू नाकारणं हे त्याचं संरक्षणच असावं असं शास्त्रज्ञ मानतात. ब्रिटनमध्ये 2007 साली जुळ्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात ही भीती कुणात कमी कुणात जास्त का असते यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग आनुवंशिक निघाला. त्यामुळे "तूच लाडावून ठेवलंयस" असं त्या आईला कृपा करून ऐकवू नका.

लीॲन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. 1982 मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमी-जास्त वेळा चाखायला दिले, तर जो पदार्थ जास्त वेळा चाखला तो जास्त आवडायला लागला. आणि 2006 च्या त्यांच्या टीमच्या प्रयोगात मुलांना "सूप संपव, सूप संपव" म्हटलं तर मुलं उलट कमी प्यायली आणि नावं ठेवली ती वेगळीच. म्हणजे ओळख वाढवायची, पण जबरदस्ती न करता, आणि इथेच खेळ कामाला येतो.

इंग्लंडमध्ये 2017 साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना खरी फळं-भाज्या हाताळून चित्र बनवायला दिलं. नंतर त्या मुलांनी जास्त फळं-भाज्या चाखून पाहिल्या, आणि विशेष म्हणजे खेळात नसलेल्यासुद्धा. ज्यांनी भाज्या नुसत्या बघितल्या त्यांच्यात तेवढा फरक पडला नाही, म्हणजे हात लागणं महत्त्वाचं.

आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणायला लागत नाही. मटार सोलायला बसलात की तीन-चार वर्षांच्या मुलाला शेजारी घ्या, शेंग टचकन उघडते, आत दाणे ओळीने बसलेले दिसतात, अंगठा फिरवला की टपाटप वाटीत पडतात, एखादा घरंगळत सोफ्याखाली जातो, आणि हे सगळं चालू असताना कुणी "खा" म्हटलेलं नसताना एखादा दाणा हळूच तोंडात जातो. थुंकला तरी चालेल, ओळख झाली की. मेथी निवडणं, भेंडीच्या कापाचे बीटाच्या रसाने ठसे उमटवणं, छोट्या पोळपाटावर वेडीवाकडी पोळी लाटणं, सगळं तेच काम करतं. मटारचा दाणाही लहानग्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो म्हणून शेजारून उठू नका, आणि अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच, घास तोंडात असताना पळापळीचा खेळही नको.

मग चिऊचा घास, काऊचा घास? माझं मत विचाराल तर उत्तम आहे, कारण त्यात मूल तुमच्याकडे आणि घासाकडे बघत असतं, फक्त पोट भरलं असं त्याने मान हलवून सांगितलं की चिऊ-काऊ दोघांनीही उडून जायचं. मोबाईल दाखवून भरवणं मात्र अगदी उलटं, तिथे काय खाल्लं, कधी पोट भरलं हे मुलाला कळतच नाही, घास गेला पण ओळख शून्य. चॉकलेटची लाचही तशीच, त्याने भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस एवढंच ठसतं.

भातासोबत नवी भाजी एक चमचाभरच वाढा, शेजारी त्याच्या आवडीचं काहीतरी असू द्या आणि तुम्ही स्वतः तीच भाजी त्याच्यासमोर खा. वजन वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, मोजून चार-पाचच पदार्थ चालत असतील किंवा मूल फिकट आणि दमलेलं वाटत असेल तर खेळत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलांमध्ये लोह कमी पडणं खूप कॉमन आहे आणि लोह कमी झालं की भूकही मंदावते, ते साध्या रक्ततपासणीत कळतं.