रात्री तीन वाजता काढलेली चित्रं

माझी मुलगी 14 वर्षांची असताना तिने 5 दिवसांत अख्खं स्केचबुक भरवलं. रात्री पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीत लाईट चालू, जमिनीवर कागदांचा सडा, हाताची करंगळीकडची बाजू शिसाने काळीकुट्ट, आणि ती भडाभडा बोलत होती, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. सकाळी परत टवटवीत. मी तिची चित्रं सगळ्या नातेवाइकांना पाठवली, सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. तीन आठवड्यांनी हीच मुलगी अंथरुणातून उठेना, आणि एका दुपारी तेच स्केचबुक टराटरा फाडताना मला दिसली. बायपोलर, म्हणजे मूड कधी भलताच चढतो तर कधी खोल उदासीत जातो असा आजार, हा शब्द आमच्या घरात त्यानंतर काही महिन्यांनी आला.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलेय, आणि एक प्रश्न मला सतत छळत होता: आजारावर उपचार केले तर कला जाईल का? ज्यांचं मूल चित्रं काढतं, लिहितं, गातं आणि ज्याला मूड डिसऑर्डर आहे, त्या प्रत्येक आईबापाला ही भीती असते, फक्त डॉक्टरांसमोर ती बोलायची लाज वाटते.

कला आणि या आजाराचं काहीतरी नातं आहे हे खरंय. मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या लेखन कार्यशाळेतल्या 30 लेखकांचा अभ्यास छापला, त्यातल्या 80 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मूडचा आजार झालेला होता, तुलनेला घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण 30 टक्के. पण माणसं मोजकी, आणि मुलाखती घेणाऱ्या त्या स्वतःच, समोरचा लेखक आहे की नाही हे त्यांना माहीत असायचं. मला जास्त पटला तो 2011 चा स्वीडनचा अभ्यास, त्यात सुमारे 3 लाख रुग्णांच्या नोंदी होत्या. कलेशी संबंधित व्यवसायांत बायपोलर असलेले लोक जास्त सापडलेच, पण त्यांची आजार नसलेली सख्खी भावंडंही जास्त सापडली! म्हणजे कल्पकतेचं जे काही रक्तातून येतं ते आजाराशिवायही येऊ शकतं. नुसतं डिप्रेशन असलेल्यांत तर हे नातं दिसलंच नाही.

मग चढलेल्या मूडमध्ये जे धबधब्यासारखं काम होतं त्याचं काय? संगीतकार रॉबर्ट शुमानचं उदाहरण बघा. 1840 आणि 1849 या वर्षांत त्याने रचनांचा नुसता ढीग घातला. मध्ये खोल उदासीची वर्षं. 1854 मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली, वाचला, पण 1856 मध्ये मनोरुग्णालयातच वारला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइसबर्ग यांनी 1994 मध्ये शुमानच्या रचना वर्षांप्रमाणे तपासल्या, कुठल्या रचना आजही जास्त रेकॉर्ड होतात हे मोजलं, तर चढत्या वर्षांत रचनांची संख्या वाढलेली होती, दर्जा नाही.

औषधाबद्दलही तसंच. लिथियम या औषधाचा मॅनियावर, म्हणजे या चढलेल्या मूडवर, उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवलं. पुढे डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांना विचारलं, तुमच्या कामाचं काय झालं? 12 जण म्हणाले वाढलं, 6 म्हणाले फरक नाही, 6 म्हणाले कमी झालं. त्या शेवटच्या सहांना मी विसरत नाही, कारण माझी मुलगीही सुरुवातीला म्हणायची, "आई, डोक्यात चित्रंच येत नाहीयेत." ते आम्ही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं, रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून त्यांनी डोस बदलला. मूल असं म्हणालं तर तो नखरा समजू नका, आणि गोळ्याही परस्पर बंद करू नका, एकदम बंद केल्या की आजार उसळून येतो.

लक्ष ठेवायचं ते झोपेवर. चित्रात रमून एखादी रात्र जागलेलं मूल दुसऱ्या दिवशी पेंगतं, चिडचिडतं. मूड चढायला लागलेलं मूल तीनचार तास झोपूनही ताजंतवानं असतं, आणि तीच धोक्याची घंटा. जागरण हे नुसतं लक्षण नाही, त्याने मॅनिया सुरूही होऊ शकतो, म्हणून आमच्याकडे रात्री साडेदहाला रंग बंद, मग चित्र कितीही अर्धवट असो. उलट बाजूला, मुलांमधलं डिप्रेशन कित्येकदा रडण्यातून दिसतच नाही, चिडण्यातून दिसतं, आपण त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होतो. आणि मूल मरणाबद्दल बोललं तर जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कौतुकाचं मात्र मला फार उशिरा कळलं. मी चढलेल्या मूडमधल्या चित्रांवर टाळ्या वाजवत होते आणि एरवीच्या एकेक साध्या स्केचकडे बघतही नव्हते, म्हणजे पोरीने काय समजायचं? की आजारी असते तेव्हाच मी आईला आवडते? आता ती मंगळवारी संध्याकाळी अर्धा तास बसून एक कप काढते ना, तो मी नीट बघते, त्याच्या कानाची सावली कशी जमली हे विचारते.

फाडण्यावरही आम्ही बरं वाटत असताना एक करार केला. काहीही फाडायचं नाही, नकोसं झालेलं सगळं एका खोक्यात टाकायचं, खोका माझ्या कपाटात, आणि दोन महिने उघडायचा नाही. त्या पहिल्या स्केचबुकची वाचलेली पानंही त्यातच आहेत. मागच्या महिन्यात तिने ती बाहेर काढली, जमिनीवर मांडली, बराच वेळ बघत बसली. तीन बाजूला ठेवली, "ही चांगली आहेत गं, बाकीची नुसती घाई आहे" म्हणाली, आणि खोका बंद करून झोपायला गेली.