बाणचिन्हे (संगणकीय मजकुरातील)

दिशा, क्रम, परिणाम किंवा बदल दाखवण्यासाठी अक्षरांच्या ओळीतच टाइप केले जाणारे चिन्ह म्हणजे बाणचिन्ह. पाटीवरचा बाण यापेक्षा वेगळा असतो. मुंबईच्या रेल्वे स्थानकातील पाटीवरचा ↑ ‘सरळ पुढे जा’ असे सांगतो. शेअरच्या भावापुढे टाइप केलेला तोच ↑ भाव चढल्याचे सांगतो. पाटीवरच्या बाणाला वाचणारा कुठे उभा आहे याचा आधार असतो, मजकुरातल्या बाणाला मात्र फक्त शेजारच्या शब्दांचा.

मराठीत हे चिन्ह बहुधा प्रत्ययाची जागा घेते. ‘दादरहून ठाण्याला’ याऐवजी मोबाइलवर ‘दादर → ठाणे’ असे लिहिले की ‘हून’ आणि ‘ला’ दोन्ही गळतात, ‘ठाण्या’ हे सामान्यरूपही उरत नाही, आणि तरीही मुंबईकराला अर्थ पुरता कळतो. ‘चर्चगेट ↔ विरार’ म्हणजे दोन्ही बाजूंची ये-जा. ‘सेटिंग्ज → भाषा’ येथे बाण ‘त्यानंतर’ या अर्थाने येतो, तर ‘रुळांवर पाणी → गाड्या बंद’ येथे ‘मुळे’ या अर्थाने. अडचण येते ती ‘सभा : १० → ११’ अशा सूचनेत. सभा दहाची अकराला गेली, की दहा ते अकरा चालणार, हे बाण सांगू शकत नाही. अशा ठिकाणी ‘ऐवजी’ किंवा ‘ते’ हा शब्दच लिहायला हवा. व्युत्पत्ती दाखवताना ‘हस्त > हत्थ > हात’ अशी खूण वापरतात; तिचे काम बाणासारखेच असले, तरी गणितात तीच खूण ‘पेक्षा मोठे’ या अर्थाची आहे.

शास्त्रीय लेखनात बाणांचे अर्थ ठरलेले आहेत. रसायनशास्त्रात डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये उलटसुलट चालणाऱ्या अभिक्रियेसाठी दुहेरी बाण वापरला. आज समतोलासाठी (दोन्ही दिशांच्या अभिक्रिया सारख्याच वेगाने चालण्यासाठी) ⇌ आणि संस्पंदनासाठी (एकाच रेणूच्या रचनेच्या अनेक पर्यायी आकृत्या दाखवण्यासाठी) ↔ लिहितात. कळफलकावर पहिले सापडत नाही म्हणून दुसरे टाइप करणे ही चूकच होय.

संगणकात प्रत्येक अक्षराला ठराविक अंक देणाऱ्या आस्की या संकेतसंचाच्या १९६३ च्या आवृत्तीत ↑ आणि ← ही चिन्हे होती, पण १९६७ च्या आवृत्तीत त्यांच्या जागी ^ आणि _ आली. त्यामुळे आडवी रेघ आणि ‘पेक्षा मोठे’ची खूण जोडून -> असा बाण लिहिण्याची गरज उरली. जगातील सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या आजच्या संकेतसंचात बाणांच्या मुख्य विभागात ११२ चिन्हे आहेत आणि → चा षोडशमान (सोळाच्या पायावर मोजलेला) संकेतांक २१९२ आहे. ईमेलमध्ये बाणाच्या जागी कधीकधी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ दिसते, कारण वर्डमध्ये --> टाइप केल्यावर उमटणारा बाण विंगडिंग्ज या, अक्षरांच्या जागी चित्रे दाखवणाऱ्या फॉन्टमधला असू शकतो आणि फॉन्ट सुटला की त्याचे मूळ अक्षर उघडे पडते. जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो, त्याचे कारणही हेच.

मुंबईत मराठीच्या शेजारी उर्दूही लिहिली जाते, आणि तेथे ‘पुढे’ म्हणजे डावीकडे. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या मजकुरात युनिकोड कंसांची तोंडे आपोआप फिरवते, बाणांची फिरवत नाही. म्हणून मराठी सूचनेचे उर्दू रूप करताना प्रत्येक → च्या जागी ← हाताने घालावा लागतो. तो राहून गेला, तर ठाण्याला जाणारी गाडी कागदावर दादरला परत येते.