बाहुली चालेना, म्हणून गाडीत बसवली: गेरी अँडरसन यांची पार्श्वभूमी

नागपुरात तान्ह्या पोळ्याला पोरं जो लाकडी नंदी फिरवतात, त्याला खाली चाकं असतात. पाय हलवायची खटपटच नको. ब्रिटिश निर्माते गेरी अँडरसन यांच्या दूरचित्रवाणीवरच्या बाहुली-मालिका नेमक्या याच युक्तीवर उभ्या राहिल्या.

अँडरसन १४ एप्रिल १९२९ रोजी लंडनमध्ये जन्मले आणि चित्रपट-संकलनात तयार झाले. १९५७मध्ये आर्थर प्रोव्हिस यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली, तेव्हा काम आलं ते मुलांच्या बाहुली-मालिकेचं, 'ट्विझल'चं. बाहुल्यांची त्यांना हौस नव्हती. पण घेतलं ते काम चित्रपटासारखंच करायचं, हा त्यांचा हट्ट होता, आणि पुढचं सगळं त्या हट्टातून आलं.

खरी अडचण चालण्याची. कळसूत्री बाहुली हलकी असते. तिचं वजन पायावर येत नाही, पाऊल जमिनीला टेकल्यासारखं वाटत नाही, गुडघा उशिरा झुलतो. रंगमंचावर हे खपतं. कॅमेरा जवळ आला की उघडं पडतं. मग कॅमेऱ्याची चौकट कमरेशी कापायची, नाहीतर पात्राला वाहनात बसवायचं. 'सुपरकार' (१९६१), 'फायरबॉल एक्सएल ५' (१९६२), पाणबुडीची 'स्टिंगरे' (१९६४) आणि ३० सप्टेंबर १९६५पासूनची ३२ भागांची 'थंडरबर्ड्स' या सगळ्यांत यंत्रांची रेलचेल आहे, ती यामुळेही.

ओठांची योजना तर फारच सुंदर. संवाद आधी ध्वनिमुद्रित व्हायचे. त्या आवाजावरून तयार झालेले विजेचे झटके बाहुलीला तोलणाऱ्या तारांमधूनच डोक्यातल्या सोलेनॉइडपर्यंत (वीज आली की ओढ लावणारं तारेचं छोटं वेटोळं) जायचे आणि खालचा ओठ हलायचा. बाहुल्यांच्या वर बांधलेल्या उंच पुलावर उभ्या सूत्रधारांना बाहुलीचा चेहरा दिसत नसे, म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र त्यांना पडद्यावर दाखवलं जाई. तार दिव्यात चमकली की दृश्य वाया जायचं. म्हणून ती मागच्या पडद्याच्या रंगाची करत.

सोलेनॉइड डोक्यात, म्हणून डोकं धडाच्या मानाने मोठं. १९६७च्या 'कॅप्टन स्कार्लेट'मध्ये ही यंत्रणा छातीत गेली आणि शरीर प्रमाणबद्ध झालं. आमच्या मते तिथे थोडं गमावलंही: चेहरे माणसासारखे झाले आणि हालचालींचा ताठरपणा जास्त खुपू लागला. १९८३च्या 'टेराहॉक्स'मध्ये त्यांनी तारा सोडून हातात घालायच्या बाहुल्या घेतल्या. २६ डिसेंबर २०१२ रोजी ते वारले.

नागपुरात उन्हाळी शिबिरात मुलांसोबत बाहुल्यांचं असं चित्रीकरण करणाऱ्यांनी त्यांचा आधी-आवाज-मग-चित्र हा क्रम जरूर घ्यावा. कूलर चालू असताना संवाद नीट मुद्रित होत नाहीत. आवाज सकाळी कूलर बंद ठेवून घ्या. चित्रीकरणाच्या वेळी तो चालू ठेवलात, तरी त्याचा झोत बाहुलीवर येऊ देऊ नका. हलकी बाहुली लगेच झुलते. नायलॉनचा दोरा चकाकतो, त्याला आधी चमक नसलेला काळा रंग लावून घ्या आणि मागे गडद पडदा लावा.